तारखा एकट्या शेतकऱ्यानेच पाळायच्या का? ब्रिटनच्या कृषिमंत्र्यांना खुले पत्र

लिंकनशायर, १५ जानेवारी २०२६

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार विभाग (डेफ्रा), लंडन

विषय : शेती अनुदान योजनांच्या तारखांबाबत

महोदया,

आज १५ जानेवारी. नायट्रेट-प्रवण क्षेत्रातल्या, म्हणजे जिथले पाणी खतातल्या नायट्रेटने दूषित होण्याचा धोका असतो तिथल्या, पिकाऊ जमिनीवर रासायनिक नत्रखत टाकायला १ सप्टेंबरपासून असलेली बंदी आज रात्री संपते. उद्या सकाळी कोणी खत फेकायचे यंत्र बाहेर काढले तर ते कायद्यात बसते. तेच आज दुपारी काढले असते तर गुन्हा ठरला असता. अर्थात उद्या कोणीच यंत्र काढणार नाही, कारण इथल्या चिकणमातीत अजून घोट्यापर्यंत बूट रुततो आहे आणि वाफसा यायला फेब्रुवारी उजाडेल. तरीही मी ज्यांची दप्तरे सांभाळते त्या सहाही शेतांवरच्या भिंतीच्या कॅलेंडरांत या तारखेभोवती लाल शाईचे वर्तुळ आहे, आणि ती वर्तुळे मीच काढलेली आहेत.

मी स्वतः शेतकरी नाही. इथे ज्याला फार्म सेक्रेटरी म्हणतात ते काम मी गेली अकरा वर्षे करते. आठवड्याचा एकेक दिवस एकेका शेतावर जायचे आणि बिले, पगार, खताच्या व फवारणीच्या नोंदी, अनुदानाचे अर्ज, धान्यविक्रीच्या पट्ट्या असा सगळा पसारा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून संध्याकाळपर्यंत मार्गी लावायचा, असे हे काम आहे. माझे माहेर लातूरचे, आणि वडिलांची तिथल्या मार्केट यार्डात आडत होती. ओलावा, काटा, घट, कपात हे शब्द मला इंग्रजीच्या कितीतरी आधी येत होते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत ते जाहीर करते आहे, कारण विलायतेतल्या शेतकऱ्याला सरकार बसून पोसते असा जो समज आमच्याकडे अजून पक्का आहे, तो निदान माझ्या माणसांपुरता तरी सैल व्हावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हंगामी निर्बंध उठवा असे माझे म्हणणे नाही. हिवाळ्यात पीक नत्र उचलत नाही, पाऊस मात्र पडत राहतो, आणि टाकलेले खत पाण्याबरोबर आधी चरात, मग ओढ्यात आणि शेवटी कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरते, हे कळायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. इंग्लंडची निम्म्याहून अधिक जमीन या प्रवण क्षेत्रात येते. कोंबडीखत किंवा शेणाची पातळ रबडी यांच्यासाठी तर जमिनीचा पोत पाहून वेगळ्या तारखा आहेत: हलक्या वाळूच्या पिकाऊ रानात १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर, इतर पिकाऊ रानांत १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी. शेताच्या कडेच्या सजीव कुंपणाची छाटणी १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंद असते, कारण त्या काळात त्यात पाखरांची घरटी असतात. युरोपीय अनुदानाच्या अटींबरोबर हा नियम गळून पडला होता, तो आपल्या विभागाने २०२४ मध्ये स्वतंत्र कायद्याने परत आणला, हे उत्तमच झाले. माझ्या सहा शेतकऱ्यांपैकी एकाचीही त्याबद्दल तक्रार नाही. एक जण तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कुंपणात पिवळ्या चिमण्यांची पिले दाखवायला मला गमबूट घालून अर्धा मैल चालवत घेऊन गेले होते.

सांगायचे ते हे की, शेतकऱ्याला घातलेली तारीख ही खरोखरची तारीख असते. पाऊस लांबला, वाफसा चुकला, माणूस आजारी पडला, तरी ती हलत नाही. मग सरकारने शेतकऱ्याला दिलेली तारीख तशीच का असू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

११ मार्च २०२५ च्या संध्याकाळी आपल्या विभागाने सस्टेनेबल फार्मिंग इन्सेन्टिव्ह, म्हणजे एसएफआय, ही पर्यावरण जपणाऱ्या शेतीला पैसे देणारी योजना नव्या अर्जांसाठी त्याच क्षणापासून बंद केली. त्याआधी विभागाने लेखी सांगितले होते की, योजना थांबवायची वेळ आलीच तर सहा आठवड्यांपर्यंतची पूर्वसूचना देऊ. प्रत्यक्षात सहा तासांचीही दिली नाही. तेव्हा आपण या पदावर नव्हता हे मला ठाऊक आहे, पण खाते तेच आहे आणि शेतकऱ्याचा करार खात्याशी असतो. कारण असे सांगण्यात आले की, सुमारे ३७ हजार करार झाले आणि १.०५ अब्ज पौंडांची तरतूद संपली. पैसा संपू शकतो, हे मान्य. पण तो संपत आला आहे हे कोणाला दिसेल अशी सोय कुठेच नव्हती. लातूरच्या यार्डात सौदा निघाला की भाव फळ्यावर लिहिला जायचा, आणि अंगठा उठवणाऱ्यालाही दुसऱ्याकडून तो वाचून घेता यायचा. अब्ज पौंडांच्या योजनेची शिल्लक दर महिन्याला फळ्यावर लिहायला कितीसा खडू लागला असता?

त्या संध्याकाळी माझ्या सहांपैकी एका शेतकऱ्याचा अर्ज अर्धवट होता. वय ७१, जमीन १६० हेक्टर, म्हणजे चारशे एकर, बहुतेक भारी काळीभोर चिकण. त्यांच्या दोन रानांत ब्लॅकग्रास या तणाने गव्हाला इतके गिळले होते की ती राने दोन वर्षे कडधान्यवर्गीय मिश्रणाखाली पडीक ठेवायचे त्यांनी ठरवले होते. एसएफआयच्या २०२४ च्या दरपत्रकात त्याला हेक्टरी ५९३ पौंड होते. तण मरणार, जमिनीला नत्र मिळणार आणि घरखर्चही निघणार. अर्ज आम्ही नोव्हेंबरमध्येच उघडला होता. नकाशातल्या एका बांधाची दुरुस्ती बाकी होती, आणि 'घाई करू नका, बंद करायची झाली तर आधी सूचना येईल' हा सल्ला माझा. चूक माझी, आणि मी ती त्यांच्याकडे कबूल केली आहे. ते एवढेच म्हणाले की, बियाणे आधीच सांगून ठेवले आहे, त्याचे काय करायचे ते बघू.

पुढे प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत गेले, आणि मे महिन्यात विभागाने सुमारे तीन हजार शेतकऱ्यांना पुन्हा अर्ज करू दिला. अट होती ती बंदच्या आधीच्या दोन महिन्यांत अर्ज सुरू केलेला असण्याची. आमचा त्याहून आधीचा. लवकर सुरुवात केली म्हणून रांगेबाहेर राहण्याचा हा प्रकार मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

लासलगावच्या कांदा उत्पादकाला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली तेव्हा त्यालाही आदल्या दिवशी काही ठाऊक नव्हते. पण तिथे निदान लोक रस्त्यावर तरी उतरतात. इथला शेतकरी चहाचा कप विसळून ठेवतो आणि कुत्र्याला घेऊन बाहेर पडतो. त्याच्या या शांतपणाचा अर्थ 'चालले आहे' असा लावू नये, अशी विनंती आहे.

ही एकच घटना असती तर मी पत्र लिहिले नसते. कुंपणे लावणे, खतसाठ्यावर छप्पर घालणे अशा भांडवली कामांसाठीची अनुदाने नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस अशीच अचानक थांबली. जुलै २०२५ मध्ये १५ कोटी पौंडांनिशी उघडली आणि काही आठवड्यांतच पुन्हा मिटली. तेही सुगीच्या ऐन तोंडावर, जेव्हा शेतकरी कम्बाइनवर आणि त्याची कारकून, म्हणजे मी, वजनकाट्याच्या चिठ्ठ्यांत बुडालेली असते. ऑक्टोबर २०२३ मधल्या बाबेट वादळाने आमच्या जिल्ह्यात पेरलेली राने तळ्यासारखी केली. त्या हिवाळ्यातल्या पुरांसाठीचा मदतनिधी एप्रिल २०२४ मध्ये उघडला. नदीपासून १५० मीटरच्या आतले नुकसानच धरायचे ही अट आधी घातली आणि मग काढली. पैसे बहुतेकांच्या खात्यात आले ते नोव्हेंबरअखेर. वादळापासून मोजले तर तेरा महिने. तोवर ज्यांना पुन्हा पेरायचे होते त्यांनी उधारीवर पेरले, कापले आणि विकलेही होते.

आता बाजाराकडे येते, कारण तारखांचा खरा फटका तिथे बसतो आणि लंडनमध्ये बहुधा तो दिसत नाही.

इथला गहू ऑगस्टमध्ये निघतो, पण त्याचा भाव वर्षभर आधीपासून ठरत असतो. लंडनच्या वायदेबाजारात जनावरांच्या खाद्याच्या गव्हाचा नोव्हेंबरचा सौदा हा सगळ्यांचा खुंटा. तो खुंटा मात्र इथल्या शेतकऱ्याच्या हातात नसतो. पॅरिसचा भाव, काळ्या समुद्रातून निघणारी जहाजे, डॉलर आणि पौंड हे त्याला हलवतात. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मे २०२२ मध्ये तो टनाला ३५० पौंडांच्या वर गेला होता. आज तो साधारण त्याच्या निम्म्यावर आहे. खत मात्र निम्म्यावर आलेले नाही. शिवाय जानेवारी २०२७ पासून आयात खतावर कार्बन शुल्क लागणार आहे, त्याची तरतूद आतापासूनच्या अंदाजपत्रकात कुठे करायची, हे मला दर आठवड्याला विचारले जाते.

अशा बाजारात शहाणा शेतकरी काय करतो? पेरणीच्या वेळीच अपेक्षित मालाचा एक हिस्सा आगाऊ विकून टाकतो, एक हिस्सा सुगीत काढतो आणि उरलेला कोठारात ठेवून वसंतातल्या भावाची वाट पाहतो. किती विकायचे आणि किती राखायचे, हे त्याच्याकडे दुसरे भरवशाचे उत्पन्न किती आहे यावर ठरते. अनुदानाचा हप्ता कधी येणार हे ठाऊक असेल तर त्याला ऑगस्टमध्ये, सगळ्यांचा माल एकदम निघतो तेव्हा, पडेल भावाने विकावे लागत नाही. ठाऊक नसेल तर खताचे आणि डिझेलचे बिल चुकते करायला तो त्याच महिन्यात विकतो, ज्या महिन्यात विकू नये. आमच्याकडे दसऱ्याच्या तोंडावर सोयाबीन घेऊन यार्डात आलेला माणूस ओला माल का विकतो, याचे उत्तर वेगळे नाही. अनुदानाच्या अनिश्चित तारखेची किंमत अशी धान्याच्या पट्टीवर उमटते; फक्त तिथे तिच्यासाठी वेगळा रकाना नसतो.

पट्टीवर बाकी सगळ्यांसाठी रकाने आहेत. १५ टक्क्यांहून अधिक ओलावा असेल तर वाळवणीची कपात. कृषी-फलोत्पादन मंडळाचा कर टनाला ५८ पेन्स. दळायच्या गव्हाला प्रथिने १३ टक्के, हेक्टोलिटरला ७६ किलो वजन आणि हॅगबर्ग २५० हवा. हा हॅगबर्ग म्हणजे दाण्यात मोड येण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे का, याची परीक्षा. कापणीच्या वेळी पाऊस आला की आकडा कोसळतो. मागे एका वर्षी आमची २९ टनांची एक लॉरी गिरणीच्या फाटकातून परत फिरली, हॅगबर्ग १८८ भरला म्हणून. ट्रकचालकाचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चारच्या आत तोच गहू जनावरांच्या खाद्यासाठी दुसरीकडे वळवावा लागला, टनाला २८ पौंड कमीने, आणि जास्तीचे भाडे वेगळे. त्यात कोणाचा दोष नव्हता. ढगाला तारीख घालता येत नाही. इंग्लंडने ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत ओले अठरा महिने सोसले. देशाचे गव्हाचे पीक २०२४ मध्ये आदल्या वर्षीच्या १.४ कोटी टनांवरून १.११ कोटी टनांवर आले, आणि लगेच २०२५ मध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत आला. जे शेतकऱ्याच्या हातात नाही ते इतके आहे. म्हणूनच जे आपल्या हातात आहे त्याबद्दल मी इतकी चिकाटी धरते आहे.

आपल्या हातात काय असते, त्याचे आणखी एक उदाहरण हंबर नदीच्या पलीकडेच आहे. हल शहराजवळचा व्हिव्हर्गोचा इथेनॉल कारखाना वर्षाला ११ लाख टनांपर्यंत जनावरांच्या खाद्याच्या प्रतीचा गहू घेऊ शकत असे. आमच्या भागातल्या हलक्या मालाला तो हक्काचा गिऱ्हाईक होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारात १.४ अब्ज लिटर इथेनॉलवरचे १९ टक्के आयातशुल्क सरकारने काढले आणि ऑगस्टमध्ये, कापणी चालू असताना, कारखान्याने उत्पादन थांबवले. व्यापारधोरण आपल्या खात्याकडे नाही. पण आगाऊ सौदे करून बसलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने मंत्रिमंडळात कोणी कॅलेंडर उघडून दाखवले होते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

जुन्या युरोपीय व्यवस्थेचे गोडवे गायला मी बसलेली नाही. जमिनीच्या आकारावर पैसे वाटण्यात न्याय नव्हता. ज्याची जमीन मोठी त्याला मोठा चेक, मग तो पाखरांसाठी काही करो वा न करो. २००५ मध्ये नव्या पद्धतीचे पैसे द्यायला झालेला गोंधळ म्हातारे शेतकरी अजून शिव्यांसकट सांगतात. पण त्या व्यवस्थेत दोन तारखा लहान मुलालाही पाठ होत्या: १५ मेपर्यंत अर्ज, १ डिसेंबरपासून पैसे. वर सांगितलेल्या १६० हेक्टरच्या शेताला तेव्हा वर्षाला ३७ हजार पौंडांच्या आसपास मिळत. ते अनुदान उतरवत नेण्याच्या संक्रमणकाळातल्या देयकाची यंदाची कमाल रक्कम ६०० पौंड आहे. 'सार्वजनिक पैसा सार्वजनिक हितासाठी' हे २०२० च्या कृषी कायद्यामागचे सूत्र मला पटते, आणि माझ्या शेतकऱ्यांपैकी चौघांना पटते (उरलेल्या दोघांना काहीच पटत नाही, तो भाग वेगळा). मात्र जुना दरवाजा ठरल्या वेळेच्याही आधी बंद झाला आणि नवा कधी उघडा, कधी बंद.

या महिन्यात ऑक्सफर्डच्या कृषी परिषदेत आपण नवी एसएफआय जाहीर केली: जूनमध्ये लहान शेतांसाठी आणि ज्यांचा करार नाही त्यांच्यासाठी अर्जाची पहिली खिडकी, सप्टेंबरमध्ये सर्वांसाठी दुसरी, आणि एका कराराला एक लाख पौंडांची मर्यादा. मर्यादा मला योग्य वाटते. आधी आलेल्या बड्या शेतांनी ताट रिकामे करू नये. जूनची खिडकीही बरी. सप्टेंबरविषयी मात्र मला बोललेच पाहिजे. हिवाळ्यात जमीन उघडी राहू नये म्हणून घ्यायचे आच्छादन पीक गहू निघाल्याबरोबर, ऑगस्टमध्ये पेरतात; त्याचे बियाणे जून-जुलैमध्ये सांगून ठेवावे लागते. सप्टेंबरच्या मध्यापासून हिवाळी गव्हाची पेरणीयंत्रे रानात असतात आणि कोणत्या रानात काय, हे तोवर पक्के झालेले असते. म्हणजे सप्टेंबरात अर्ज करणाऱ्याने बियाण्याचे पैसे करार हातात येण्याआधीच मोजलेले असणार, किंवा त्याचे एक वर्ष गेलेले असणार. गेल्या मार्चनंतर भरवशावर बियाणे घेणारे किती उरले आहेत, ते बियाणे विक्रेत्यांनाच विचारून पाहावे.

माझी मागणी पैसे वाढवण्याची नाही. शेतकऱ्यावर खताचा आणि छाटणीचा बंदीचा काळ असतो, तसाच एक बंदीचा काळ आपल्या खात्यावरही कायद्याने लावून घ्या. १ जूनपासून, म्हणजे बियाण्याची मागणी नोंदवायला सुरुवात होते तेव्हापासून, ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे हिवाळी पेरणी आटोपेपर्यंत, कोणतीही चालू योजना बंद होणार नाही, दर उतरणार नाहीत आणि पात्रतेची अट बदलणार नाही. उरलेल्या महिन्यांत बंद करायची वेळ आलीच तर सहा आठवडे. 'सहापर्यंत' नव्हे, पूर्ण सहा. शिलकीचा आकडा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जाहीर असावा, म्हणजे माझ्यासारखीला 'घाई करू नका' असे सांगण्याआधी तो बघता येईल. आणि सप्टेंबरची खिडकी ठेवायचीच असेल, तर ऑगस्टपासून पेरलेले आच्छादन पीक त्या करारात धरले जाईल असे आताच, जानेवारीत, लेखी द्यावे. सुगीच्या धांदलीत दिलेले आश्वासन आमच्या उपयोगाचे नसते. शेतीच्या नफ्यातोट्याचा आढावा घेणारा मिनेट बॅटर्स यांचा ५७ शिफारशींचा अहवाल डिसेंबरपासून आपल्यासमोर आहेच. माझी ही मागणी त्याच्याशेजारी ठेवायला फारशी जागा लागणार नाही.

एक अडचण मला दिसते. कोषागार म्हणेल की, आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि पैशाला शेताचे कॅलेंडर लावता येत नाही. पण कुंपणातल्या पाखराला १ मार्च आणि ओढ्यातल्या पाण्याला १५ जानेवारी लावताना आपल्या कायदेपंडितांनी पुष्कळ बारकावे जमवले आहेत. हिवाळी रेप या मोहरीवर्गीय तेलबियांच्या पिकाला बंदीच्या काळातही ३१ ऑक्टोबरपर्यंत हेक्टरी ३० किलो नत्र चालते, इथपर्यंत. तेवढीच बुद्धी पैशाच्या बाबतीत खर्च केली तर हेही जमेल.

वर सांगितलेले ७१ वर्षांचे शेतकरी यंदा जूनच्या खिडकीतून अर्ज करणार आहेत. करार नसलेल्यांत ते बसतात. ब्लॅकग्रासच्या त्या दोन रानांत त्यांनी तोवर वसंती जव पेरायचे ठरवले आहे. काल नवे कॅलेंडर लावताना त्यांच्या स्वयंपाकघरात मी १५ जानेवारी, १ मार्च, ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर लाल शाईने गोल केले. जून आणि सप्टेंबरच्या पानांवर एसएफआय असे लिहिले आहे, ते पेन्सिलीने.

आपली नम्र,
लिंकनशायरमधील एक फार्म सेक्रेटरी